एकच पान, आजीच्या फोनवर वेगळं का दिसतं?

हे पान वाचता वाचता एक गंमत करून बघा. घरातला दुसरा एखादा फोन घ्या, शक्यतो आई-बाबांचा किंवा आजी-आजोबांचा, आणि त्यावर हेच पान उघडा. दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवा. मजकूर तोच, चित्र तेच. पण पहिल्या ओळीचा शेवटचा शब्द दोन्हीकडे एकच आहे का? बहुतेक नसेल. एकीकडे अक्षर जाड, दुसरीकडे बारीक. एकीकडे शीर्षक दोन ओळींत मावलंय, दुसरीकडे तिसऱ्या ओळीवर गेलंय. आता जरा 'ल' या अक्षराकडे निरखून बघा. तो जुन्या मराठी पुस्तकांतल्यासारखा दोन पाकळ्यांचा आहे, की उजवीकडे उभी काठी असलेला, हिंदी वळणाचा?

घाबरू नका, कुठलाच फोन बिघडलेला नाही.

छापील मासिकाचं पान एकदा छापलं की ते उतईत वाचा नाहीतर अमरावतीत, ओळ तिथेच तुटते. वेबवरचं पान असं छापून येत नाही. तुमच्या फोनकडे येतो तो मजकूर आणि त्याच्यासोबत सूचनांची यादी: शीर्षक मोठं, चित्र डावीकडे, बटण हिरवं. पान प्रत्यक्ष मांडतो तो तुमचा ब्राउझर, म्हणजे क्रोम, सफारी, फायरफॉक्स, सॅमसंग इंटरनेट यांपैकी जो कुठला असेल तो. आमटीची एकच कृती चार घरांत दिली तर चार चवींची आमटी होते, कारण कृतीत 'मीठ चवीनुसार' असं लिहिलेलं असतं. वेबपानातही अशा 'चवीनुसार' जागा पुष्कळ असतात.

माझं काम मजकूर लिहिण्याचं, प्रोग्रामिंगचं नाही. पण लिहिलेली ओळ वाचणाऱ्याच्या फोनवर अर्धी कापली गेली तर लिहून उपयोग काय? म्हणून या वेळी हाच विषय.

कार्पेट एरिया की बिल्ट-अप?

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर तयार केला तेव्हा पान नटवणं हा मुद्दाच नव्हता. शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता आले म्हणजे झालं. पुढे ऑक्टोबर १९९४ मध्ये नॉर्वेचे होकोन व्हियुम ली यांनी सुचवलं, की मजकूर वेगळा ठेवू आणि तो कसा दिसावा याच्या सूचना वेगळ्या लिहू. त्या सूचनांची भाषा म्हणजे सीएसएस. १७ डिसेंबर १९९६ ला तिची पहिली अधिकृत आवृत्ती आली. अपेक्षा साधी होती: सगळे ब्राउझर या सूचनांचा एकच अर्थ लावतील.

तसं झालं नाही. तेव्हा नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर यांची जोरदार शर्यत चालू होती. रोज नवं काहीतरी द्यायचं, दुसऱ्याकडे नाही ते द्यायचं. अर्थ जुळवत बसायला वेळ कुणाला?

यातला सर्वांत गाजलेला घोळ घर घेतलेल्या कुणालाही लगेच कळेल. समजा सूचना दिली, की ही चौकट ३०० पिक्सेल रुंद ठेव, आत दोन्ही बाजूंना २०-२० मोकळी जागा सोड आणि ५-५ ची कड काढ. आता ३०० म्हणजे कार्पेट एरिया की बिल्ट-अप? नियमाप्रमाणे ते कार्पेट होतं. आतली जागा ३००, आणि मोकळी जागा व कड धरून चौकट भरली ३५०. इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने मात्र ते बिल्ट-अप धरलं. भिंतींसकट ३००, आत उरले २५०. एकाच सूचनेत ५० पिक्सेलचा फरक! शेजारी शेजारी तीन रकाने मांडलेल्या पानात एवढा फरक पडला की तिसऱ्या रकान्याला जागा उरत नाही, तो धाडकन खाली जाऊन पडतो. त्या काळी वेबसाइट बनवणाऱ्यांचे कित्येक दिवस हा पडलेला रकाना उचलून वर बसवण्यात गेले.

ऑगस्ट २००१ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ ने ही चूक दुरुस्त केली, तीही पानाच्या सुरुवातीला एक ठरावीक ओळ लिहिलेली असेल तरच. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती आणली थेट ऑक्टोबर २००६ मध्ये. तोवर शर्यत जिंकून झाली होती, घाई कशाची? पाच वर्षं तोच जुना ब्राउझर आणि त्याच्या खोडी सांभाळणारी सगळी दुनिया. आणि गंमत म्हणजे, मोजायला सोपी पडते म्हणून आज बहुतेक डेव्हलपर पानाच्या सुरुवातीलाच 'बिल्ट-अप धरून मोज' अशी सूचना लिहून ठेवतात. म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररचीच जुनी पद्धत. त्याला याचं श्रेय फारसं कुणी देत नाही.

'ही वेबसाइट इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसते' अशी पाटी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. माल नीट दिसत नसेल तर गिऱ्हाइकानेच चष्मा बदलून यावं, असं सांगणारा दुकानदार तेवढ्या काळात बराच माजला होता. १९९८ मध्ये काही डेव्हलपर वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट या नावाने एकत्र आले आणि 'सगळ्यांनी ठरलेले नियम पाळा' म्हणून मागे लागले. इंटरनेट एक्सप्लोरर शेवटी निवृत्त झाला तो १५ जून २०२२ ला.

मराठीत मात्र अक्षरंच गेली

इंग्रजी पानात ब्राउझरची भांडणं झाली की रकाना खाली पडायचा, बटण वाकडं दिसायचं. मजकूर वाचता यायचा. मराठीची किंमत वेगळी होती.

सन २००० च्या आसपास आपल्याकडच्या घरगुती संगणकांना देवनागरी मुळात कळतच नव्हती. विंडोज २००० मध्ये मंगल हा फॉन्ट आला आणि युनिकोडमधली देवनागरी विंडोजला पहिल्यांदा नीट दाखवता येऊ लागली. त्याआधी मराठी वृत्तपत्रांनी एक युक्ती काढली होती. फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या खणात देवनागरीचं चित्र बसवायचं. संगणकाच्या हिशेबी तो इंग्रजी अक्षरांचा ढीग, वाचणाऱ्याच्या डोळ्याला मात्र मराठी. ज्याच्या संगणकात तो फॉन्ट नाही, त्याला दिसायची निव्वळ इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी.

मग १९९७ मध्ये पानासोबतच फॉन्ट पाठवायची सोय आली. छान! फक्त नेटस्केपची पद्धत वेगळी आणि इंटरनेट एक्सप्लोररची वेगळी. एकाची फॉन्ट-फाइल दुसऱ्याला चालायची नाही. ज्यांना जमलं त्यांनी दोन्ही प्रकारच्या फाइली ठेवल्या, बाकीच्यांनी एकच ठेवली. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली, सगळ्या जगाने तिचं स्वागत केलं. पण तिला या दोन्हींतला एकही प्रकार वाचता येत नव्हता! मराठी माणसाने हौसेने नवा ब्राउझर घ्यावा आणि सकाळची बातमी उघडावी, तर समोर खिचडी. तेव्हा 'पद्मा' नावाचं एक जोड-सॉफ्टवेअर फायरफॉक्ससाठी मिळायचं. ते अशा फॉन्टमधला भारतीय भाषांतला मजकूर ओळखून त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करायचं. परदेशातल्या कुणा काका-मामाला विचारून बघा, त्यांना आठवत असेल.

खरं तर १९९१ पासूनच युनिकोडमध्ये देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक होते. १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. पण विंडोज एक्सपी असलेल्या घरात तो वाचायचा तर आधी सेटिंगमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' चालू करा, त्यासाठी विंडोजची सीडी शोधा, असा उपद्व्याप असायचा. नाहीतर वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं पाय मोडून पडलेली.

जी मराठी पानं त्या जुन्या फॉन्टमध्येच राहून गेली, ती आज मराठीत टाइप करून शोधली तर सापडत नाहीत. शोधणाऱ्या यंत्राला तिथे मराठी दिसतच नाही. कुणाची पहिली छापून आलेली कविता, कुणाच्या आजोबांवरचा लेख, गावाची एखादी बातमी, सगळं आहे पण नसल्यासारखं. रकाना पडला तर उचलता येतो, हे कसं उचलणार?

फोनवाल्यांची कथा आणखी मजेदार. नोकियाच्या छोट्या फोनमध्ये ऑपेरा मिनी टाकायचं आणि मराठी पान उघडायचं, की सगळे चौकोनी डबे. मग कुणीतरी मित्र सांगायचा: पत्त्याच्या जागी 'ऑपेरा', दोन टिंबं आणि 'कॉन्फिग' असं टाइप कर, खाली एक पर्याय आहे तो 'यस' कर. तसं केलं की ऑपेराचा दूरचा सर्व्हरच मराठी अक्षरांची चित्रं काढून फोनकडे पाठवायचा. अक्षरं म्हणजे चित्रंच, त्यामुळे वाचायला थोडी अंधूक, पण मराठी! ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांना हे वाचताना हसू येईल.

दऱ्या आणि दर्या

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. आता तर सगळे फोन मराठी दाखवतात. दाखवतात, पण कशी दाखवतात ते बघू.

'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना. हा पापणीसारखा अर्धा र मराठीत रोज लागतो, हिंदीला त्याची गरज पडत नाही. संगणकात तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतात. दुसऱ्यात साध्या 'र' ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. हे जोडचिन्ह डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे मजकूर 'स्वच्छ' करणारं एखादं सॉफ्टवेअर त्याला कचरा समजून काढून टाकतं. झालं! डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि लग्नातल्या आचाऱ्यांचे आचार्य.

'ॲप', 'ॲसिड' मधला 'ॲ' असाच. त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला एप्रिल २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवायचे, पण काही ब्राउझर त्या दोघांच्या मध्ये टिंबांचं वर्तुळ दाखवायचे. ते टाळायला पुन्हा तेच न दिसणारं जोडचिन्ह. आजही दोन्ही प्रकारचे 'ॲ' वापरात आहेत. दिसायला जुळे भाऊ, पण पानात शब्द शोधताना एक टाइप केला तर दुसरा सापडेलच असं नाही.

आणि आता तो 'ल'. देवनागरी तीच, पण मराठीत 'ल' आणि 'श' यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवताना मराठी वळणच धरलं. अनेक चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. कुठलं दाखवायचं हे ब्राउझर ठरवतो, पानाच्या सुरुवातीला लिहिलेल्या भाषेच्या खुणेवरून. मराठीची खूण 'एमआर', हिंदीची 'एचआय'. ही खूण वाचकाला दिसत नाही.

बहुभाषिक साइटवर इथेच पाय घसरतो. हिंदी विभागाचं पान तयार असतं, त्याचीच प्रत काढून मराठी मजकूर ओतला जातो, खूण तशीच 'एचआय' राहते. दिसायला सगळं ठीक. पण मराठी अक्षरं हिंदी वळणाची होतात. शिवाय ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी पान मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला कुठला आवाज निवडायचा हे याच खुणेवरून कळतं. मराठी मजकूर हिंदी आवाजात ऐकून बघा एकदा. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' आपण वेगळा म्हणतो, हिंदी आवाज दोन्ही सारखेच म्हणतो. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे जे जागतिक निकष आहेत, त्यांत भाषेची खूण अगदी पहिल्या पातळीवर, म्हणजे सर्वांत आवश्यक गोष्टींमध्ये धरलेली आहे. इतकी छोटी गोष्ट, एका ओळीतली दोन अक्षरं.

मला हे इतकं का खुपतं ते सांगते. उतई, दुर्ग, भिलई हा हिंदी आणि छत्तीसगढीचा मुलूख. १९५० च्या दशकात भिलईला पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि देशभरातून माणसं इथे आली, त्यांत मराठीही आली. काही मराठी घरं त्याच्याही आधीची, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थिरावलेली. अशा घरातली मुलं शाळेत हिंदी-इंग्रजी शिकतात, बाजारात छत्तीसगढी बोलतात आणि मराठी वाचतात ती फोनवर, तीही आजीने लिंक पाठवली तर. घरात मराठी पुस्तक नसेल, दारात मराठी पेपर येत नसेल, तर त्या मुलाच्या दृष्टीने मराठीचं छापील रूप म्हणजे हे पान. त्यावर 'दऱ्या' चा 'दर्या' दिसला तर तो मुलगा तसंच वाचेल, तसंच लिहील. चूक दाखवणारं दुसरं काही त्याच्यासमोर नाही.

मग आता सगळं ठीक आहे ना?

बरंचसं. वर वर ब्राउझर खूप दिसतात, पण आत इंजिनं तीनच मुख्य. क्रोम, एज, ऑपेरा आणि सॅमसंग इंटरनेट यांच्या आत ब्लिंक, फायरफॉक्समध्ये गेको, सफारीत वेबकिट. जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपलं इंजिन सोडून एजसाठी क्रोमचंच घेतलं. आपल्याकडे आयफोनवर तुम्ही क्रोम उघडलात तरी आतून ते वेबकिटच असतं, ॲपलचा तसा नियमच आहे. त्यामुळे आयफोनवर एखादं पान सफारीत मोडलेलं दिसलं, तर क्रोममध्ये उघडून फारसा फरक पडत नाही.

अक्षरं जुळवण्याचं काम क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही हार्फबझ नावाच्या एकाच सॉफ्टवेअरकडून करून घेतात. हे नाव मला फार आवडतं. फारसीत 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडं. 'ओपनटाइप' या फॉन्ट-प्रकाराच्या नावाचं ते फारसी भाषांतर आहे.

मांडणीतही एकी आली. रकाने मांडायची ग्रिड नावाची नवी पद्धत मार्च २०१७ या एकाच महिन्यात क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांत आली. वीस वर्षांपूर्वी याची कुणी कल्पना केली नसती. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला 'इंटरॉप' या नावाने दरवर्षी एकत्र ठरवतात, की यंदा कुठकुठल्या गोष्टी सगळीकडे सारख्या करायच्या.

तरीही आजीच्या फोनवर पान फुटतं. कारण आता भांडण ब्राउझरांचं कमी आणि फोनच्या परिस्थितीचं जास्त आहे.

आजीने अक्षर मोठं करून ठेवलेलं असतं. ते तिने करावंच. पण पान बनवणाऱ्याने शीर्षकाचा डबा ठरावीक उंचीचा केलेला असतो, मोठं अक्षर त्यात मावत नाही आणि खालचा उकार कापला जातो. इंग्रजीत हे तितकं जाणवत नाही. देवनागरीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय, म्हणजे अक्षराला वर-खाली दोन्हीकडे जागा लागते. इंग्रजी पान समोर ठेवून आखलेल्या ओळीत मराठी कोंबली की 'कुं' चा 'कं' होतो. काही डिझायनरांना शीर्षकाची अक्षरं थोडी लांब लांब ठेवायची हौस असते. इंग्रजीत ते छान दिसतं. मराठीत शिरोरेषाच तुटते, जोडलेला शब्द सुट्या मण्यांसारखा दिसतो. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करायची हौस याहून वाईट. परिच्छेद 'स्त्री' या शब्दाने सुरू होत असेल तर मोठं काय करायचं, नुसता 'स्' की अख्खं 'स्त्री'? योग्य उत्तर अख्खं 'स्त्री', पण सगळे ब्राउझर तसंच करतील याचा भरवसा नाही.

दुसरा त्रास पत्त्याच्या पट्टीचा. फोनवर पान वर सरकवलं की ती लपते, खाली ओढलं की परत येते. बऱ्याच साइट पानाची उंची पट्टी लपलेली आहे असं धरून मोजतात. परिणाम: फॉर्म भरून झाला, पण 'पुढे' हे बटण पट्टीमुळे पडद्याच्या खाली ढकललेलं. घरातलं मोठं माणूस म्हणतं, 'बटणच नाहीये.' ते खोटं बोलत नसतं. पट्टी धरून उंची मोजायची नवी एककं २०२२ मध्ये सफारी आणि क्रोममध्ये आली. जुन्या साइटवर ती पोचायला वेळ लागेल.

तिसरा, अंधाराचा. सॅमसंग इंटरनेटमध्ये डार्क मोड चालू केला की तो पानाचे रंग स्वतःच बदलतो. पारदर्शक चित्रावर काळ्या अक्षरांत लिहिलेलं काही असेल तर ते काळ्यावर काळं होऊन गायब होतं.

आणि नेट हळू असेल तर पानासोबत येणारा फॉन्ट उशिरा येतो. मराठी फॉन्टमध्ये जोडाक्षरांची किती तरी रूपं असतात, त्यामुळे त्याची फाइल इंग्रजीपेक्षा बहुधा जड. फॉन्ट येईपर्यंत काही ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत अक्षरं दाखवतच नाहीत, मग फोनमधला फॉन्ट वापरतात, मग खरा फॉन्ट आला की सगळ्या ओळी हलतात. तुम्ही नेमकं तेव्हाच बोट टेकवता आणि भलतीच लिंक उघडते.

घरी काय करता येईल?

पान विचित्र दिसलं तर आधी बघा, ते कुठे उघडलंय. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरून लिंक दाबली की ती त्यांच्याच आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. कोपऱ्यातली तीन टिंबं दाबून 'ब्राउझरमध्ये उघडा' निवडा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. अक्षरं मुंगीएवढी दिसत असतील तर क्रोमच्या त्याच तीन टिंबांत 'डेस्कटॉप साइट' वर चुकून खूण झालीय का ते पाहा. दोन बोटांनी पान मोठं होत नसेल, तर ते पान बनवणाऱ्याने बंद करून ठेवलेलं असतं. आयफोनची सफारी २०१६ पासून ही बंदी मानतच नाही. अँड्रॉइडवर क्रोमच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'पानाने नको म्हटलं तरी झूम करू द्या' अशा अर्थाचा पर्याय आहे, तो आजीच्या फोनवर आजच चालू करून द्या. आणि प्ले स्टोअरमध्ये क्रोमसोबत 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' सुद्धा अपडेट करा. नाव अनोळखी वाटेल, पण अनेक ॲपच्या आत पान दाखवण्याचं काम तेच करतं.

तुमच्यापैकी कुणी डब्यांचा व्यवसाय, शिकवणी किंवा मंडळासाठी मराठी पान बनवून घेत असाल, तर पैसे देण्याआधी ते घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, अक्षर सर्वांत मोठं करून आणि वाय-फाय बंद करून उघडा. पानावर 'दऱ्या', 'ॲप', 'स्त्री', 'कुंकू' आणि 'लाल' असे शब्द लिहून बघा. बनवणाऱ्याला विचारा, भाषेची खूण मराठीची टाकलीय ना? उतईच्या आणि नागपूरच्या फोनवर पान तंतोतंत सारखं दिसावं असा हट्ट मात्र धरू नका, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या तरी चालेल. अक्षर कापलं जायला नको, शब्द बदलायला नको आणि बटण हाताला लागलं पाहिजे.

आणि एखाद्या साइटला तक्रार कळवायची असेल तर नुसतं 'पान दिसत नाही' असं लिहू नका. फोनचं मॉडेल, ब्राउझरचं नाव आणि एक स्क्रीनशॉट पाठवा. अक्षर मोठं करून ठेवलं असेल तर तेही सांगा, कारण पान बनवणाऱ्याच्या टेबलावरच्या फोनमध्ये अक्षर लहानच असतं.